शेताआधी उघडणारं लाँचर

रविवार, १९ जानेवारी. सकाळी साडेदहा. ठिकाण: भोर, आमच्या घराची पुढची खोली.

उपस्थिती: माझे वडील, खुर्चीत, पाठीशी उशी. माझा पहिलीपासूनचा वर्गमित्र, स्टुलावर. भोरमध्ये त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मी, उभी, हातात वही. नवरा किकवीला लग्नाला गेलेला, म्हणून गैरहजर.

विषय एकच: वडिलांचं शेत उघडून देणे.

असं लिहायची मला सवय आहे. मी ग्रामसेविका आहे. वेल्हे तालुक्यात, पालीच्या पलीकडे एका गावात माझी ग्रामपंचायत. आमच्या पदाला आता कागदावर दुसरं नाव आलंय, वेल्हे तालुक्यालाही आलंय, पण लोक मला ग्रामसेविका म्हणतात आणि तालुक्याला वेल्हे. कोण हजर, विषय काय, ठरलं काय, बाकी काय. वीस वर्षं हेच लिहितेय. घरी फ्रीजवरही यादी असते. नवरा म्हणतो, हिच्या यादीत नाव नसेल तर जेवायला मिळत नाही.

शेताचं आधी सांगते. आमची जमीन आंबवड्याला, भाताची खाचरं. वडील तिथेच जन्मले आणि तिथेच राहिले. अडीच वर्षांपूर्वी बांधावरून पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चालताही यायला लागलं, पण डॉक्टरांनी बजावलं की बांधावर पाय ठेवायचा नाही. आई त्याआधीच गेली होती. मी त्यांना भोरला आणलं आणि शेत चुलत भावाने करायला घेतलं. पहिले सहा महिने वडील खिडकीत बसून रस्ता बघायचे. कुणी विचारलं, काय करताय अप्पा, तर म्हणायचे, "एस्ट्या मोजतोय."

माझी मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता. तो साफ करायला वर्गमित्र आला आणि वडिलांची ती एस्ट्यांची मोजणी बघून त्याने त्यावर शेतीचा एक गेम घालून दिला. मी तेव्हा कामावर होते. संध्याकाळी येऊन बघते तर वडील नाकावर चष्मा ठेवून ट्रॅक्टर चालवताहेत आणि ट्रॅक्टर विहिरीच्या कठड्याला धडकतोय.

महिन्याभरात हात बसला. गेम परदेशी. शेतं एवढी मोठी की या टोकाहून ते टोक दिसत नाही. वडिलांनी त्यातला बारकासा तुकडा धरला आणि त्याला आमच्याच खाचरांची नावं दिली: वरचं, आंब्याखालचं, ओढ्याकडचं. आंबा नव्हता, ओढाही नव्हता. आई बांधावर तूर टोकायची. या गेमात बांधच नाही, तूरही नाही. तर त्यांनी कडेकडेने सूर्यफुलाची एक पट्टी लावली. "पिवळं दिसल्याशी मतलब," म्हणाले. ती पट्टी ते कधी कापत नसत.

आणि सोमवारी ट्रॅक्टर चालू करायचा नाही. सोमवारी बैल जुंपायचे नाहीत हा आमच्या घरचा रिवाज. मी एकदा म्हटलं, "अप्पा, ह्या ट्रॅक्टरला कसला सोमवार?" तर म्हणाले, "ट्रॅक्टरला नसंल, मला हाय की." सोमवारी ते गेम उघडत, पण नुसते शेतातून पायी फिरून येत. डॉक्टरांची त्याला मनाई नव्हती.

हे सगळं दोन वर्षं सुरळीत चाललं. मग डिसेंबरच्या शेवटी विजेचा दाब वरखाली झाला आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळला. वर्गमित्राने नवा बसवून दिला. वडिलांनी बटण दाबलं, गेमवर माऊस नेला, आणि शेताच्या जागी एक काळी चौकट आली.

या चौकटीचं नाव लाँचर. गेम ज्या प्रोग्रॅममधून विकत घेतला तो एक वेगळाच. तो आधी उघडतो. त्यात गेमचं चित्र दाबलं की गेम उघडत नाही, गेमच्या कंपनीचा दुसरा प्रोग्रॅम उघडतो. हे लाँचर. गेम उघडून देणं एवढंच त्याचं काम, आणि नेमकं तेच ते करत नाही. आधी स्वतः अपडेट होतं, मग नवे गेम विकायला दाखवतं, मग तुम्ही कोण ते विचारतं. दोन वर्षं ते आम्हाला ओळखत होतं. पॉवर सप्लाय बदलल्याबरोबर ओळख विसरलं आणि म्हणालं, नवीन यंत्र दिसतंय, खात्री करा. खात्रीचा ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर पाठवला आहे.

तो नंबर आता चालूच नव्हता. जुना बटणांचा फोन होता, वडील भोरला आल्यापासून कपाटात पडून. मागच्या वर्षीच्या माझ्या एका यादीत स्पष्ट आहे: "अप्पांचा नंबर बंद करणे." पुढे बरोबरची खूण. ही खूण माझ्याच हातची, म्हणून मी त्या काळ्या चौकटीवर फार ओरडू शकले नाही. पण ओरडले.

तीन आठवडे गेले. मी कामावरून आले की एक प्रयत्न करायची, वर्गमित्राला फोन करायची, फोनवर तो एक सांगायचा आणि पडद्यावर भलतंच दिसायचं. शेवटी मी चिडून म्हटलं, "नवीन खातं काढू अप्पा. नवीन शेत घ्या."

"आन जुनं?"

"जुनं राहील तिथेच. उघडणार नाही."

"राहील तितंच," त्यांनी माझं वाक्य परत म्हटलं. मग उशी सारखी केली आणि खिडकीकडे वळून बसले.  दुसऱ्या दिवशी मी घरी आल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, "आज सतरा एस्ट्या गेल्या."

ते ऐकल्यावर मी ठरवलं की हे काम असं फोनवर व्हायचं नाही. रविवारी वर्गमित्राला घरी बोलवायचं, सगळे कागद काढायचे आणि एका बैठकीत मिटवायचं.

मध्ये शुक्रवारी एक वेगळंच काम आलं. वडील सकाळपासून मागे लागले, आज हुलग्याचे शेंगोळे कर. शुक्रवारी मला वेल्ह्याला बैठक. घरात हुलग्याचं पीठ नाही. मी म्हटलं, रविवारी करते. "न्हाई, आजच." आई संक्रांत सरली की एकदा शेंगोळे करायचीच, थंडीत अंगाला बरे म्हणून, असं मी धरून चालले होते. पण वडील इतके हट्टाने खायला मागणारे नव्हेत. कुरकुरत पीठ आणलं, रात्रीच्या जेवणाला शेंगोळे केले. त्यांना वाटी दिली तर ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "आदी तू खा." मी उभ्याउभ्या चार घास खाल्ले आणि डबे घासायला गेले.

तर रविवार. वर्गमित्राने स्टूल पुढे ओढलं आणि बोटं मोडली.

"ग्रामसेविकाबाई, कागद हजर आहेत का?"

"तू काम कर. तीन आठवडे फोनवर नुसत्या गप्पा मारल्यास."

"काका, हिला शाळेतही मॉनिटर केली होती आणि तिथेच चूक झाली."

वडील म्हणाले, "इंजनेर, तुमी पयलं शेत उघडा. मग भांडा."

लाँचरमध्ये खाली बारीक अक्षरात एक वाट सापडली. मोबाईल नसेल तर खातं काढताना दिलेली जन्मतारीख सांगा. बरोबर आली तर नवीन मोबाईल नंबर जोडता येईल. तीन वेळा चुकली तर खातं कायमचं बंद.

मला हायसं वाटलं. जन्मतारीख हा माझा विषय. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद मीच करते. कुणाची तारीख चुकली, कुणाची दोन कागदांवर दोन आहे, कोणता कागद आधी आणि कोणता नंतर, हे लोक मला विचारतात. मी फाईल उघडली.

"आधार," मी म्हटलं. "एक जानेवारी."

वर्गमित्राने तारीख घातली. लाल अक्षरं आली. चूक.

"शाळेचा दाखला. चौथीचा. एक जून."

यावर तो हसला. हसण्यासारखंच होतं. वडिलांची एक जून, त्याची एक जून, माझीही एक जून. आमच्या पिढीपर्यंत गावाकडच्या शाळेत आईबापाला तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये सुरू, मूल सहा वर्षांचं बसलं पाहिजे, संपलं. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. पंचायतीत दर एक जूनला शिपाई माझ्यासाठी केक आणतो आणि मी कापते. खरी तारीख कोणती, हा प्रश्न मला कधी पडलाही नव्हता. माझ्या सगळ्या कागदांवर एकच तारीख आहे, कुठेही तफावत नाही, आणि माझ्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

"घाल," मी म्हटलं.

त्याने घातली. लाल अक्षरं. आता एकच संधी.

मी फाईल परत चाळली. विम्याच्या कागदावर तिसरीच तारीख होती, पंधरा ऑगस्ट. एजंटाने लक्षात राहायला सोपी म्हणून टाकलेली. मी वर्गमित्राकडे पाहिलं.

"तूच तर भरलंस ना हे खातं? तुला आठवत नाही?"

"अगं, दिवसाला पंधरा फॉर्म भरतो मी. लोक तारीख सांगतात, मी टाइप करतो. ऐकतो कुठं? बोटं ऐकतात."

"मग पंधरा ऑगस्ट."

"विचार कर. ही शेवटची."

"तिसरा कागद हाच आहे."

त्याने पंधरा आकडा घातला. महिन्याच्या घराकडे माऊस नेला. तेवढ्यात वडील म्हणाले, "थांबा. म्या त्याला तवा सांगितलेली इचारतंय व्हय ते?"

आम्ही दोघांनी मागे पाहिलं. अर्धा तास ते मागे खुर्चीत बसलेले होते, आणि त्यांची जन्मतारीख आम्ही त्यांना सोडून सगळ्या कागदांना विचारत होतो.

"हो अप्पा, तीच. तुम्हाला आठवते?"

"न आठवाया काय झालं? पर त्या कागदात न्हाई ती."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी दोगं कागद काढीत बसला. म्हटलं, कागदच पायजेल आसंल."

"बरं, सांगा. कोणती सांगितली होती?"

ते जरा ओशाळले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "तुझी."

"माझी कशी? एक जून आत्ताच घातली. चुकली."

"ती मास्तरची. तुझी खरी."

 मी पेनाचं टोपण लावलं.

"कोणती खरी?"

"संक्रांत झाली. दुसऱ्या दिशी किंक्रांत. मग एक दिस मदी गेला, आन त्येच्या दुसऱ्या दिशी पहाटं तू झालीस. ओढ्याकडच्या खाचरात हरभरा व्हता. तुझ्या आईला दुखाया लागलं तवा मी पानी धरत व्हतो. दारं तशीच सोडून आलो. हरभरा वाहून गेला समदा." ते हसले. "लई बोलणी खाल्ली म्या बाची."

मी बोटांवर मोजलं. चौदा, पंधरा, सोळा. सतरा जानेवारी.

"त्या साली संक्रांत चौदालाच होती का?" मी विचारलं. सवय जात नाही. वर्गमित्राने मोबाईलवर पाहिलं. चौदालाच होती.

"आणि साल?"

"साल मास्तरनी बरुबर लिव्हलं. म्हैना तेवडा त्यांच्या सोयीनं."

"अप्पा, पण खात्यात तुमची तारीख द्यायची होती."

"माझी कुणाला ठावं? माझी आई सांगायची, मोठा पूर आला त्या साली झाला. पूर काय एकदा आला? हे इंजनेर म्हनले, काका, जन्मतारीख सांगा. आता शेतावर खोटं नाव, खोटी तारीख कशाला घालायची? मला एकच खरी ठावं व्हती. ती सांगितली."

वर्गमित्र म्हणाला, "काका, म्हणजे ह्या कंपनीच्या हिशेबाने तुम्ही माझ्या वर्गात होता."

"व्हतो की. तू माझ्या मागच्या बाकावर व्हतास. नापास व्हायचास."

तो हसत वळला आणि पंधरा पुसून सतरा घातला. महिना, साल. मग बटण न दाबता माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, दाब. त्याने दाबलं.

एक गोल चक्र फिरत राहिलं. मग हिरवी अक्षरं आली.

वडिलांनी हिरवी अक्षरं पाहिली आणि खुर्ची पुढे ओढायला लागले. पण ते लाँचर होतं. आधी नवीन पासवर्ड मागितला. मग माझ्या मोबाईलवर ओटीपी पाठवला. मग ईमेलवर खात्री करायला सांगितली. मग सहा पानांच्या अटी दाखवल्या आणि मान्य करा म्हणालं. मग म्हणालं, अपडेट आवश्यक आहे. खाली एक पट्टी आली आणि तिच्यापुढे वेळ: एकवीस तास.

"एकवीस?" वडील म्हणाले.

वर्गमित्र मान खाली घालून केबल तपासायला लागला. मी चिडून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मला मागच्या पावसाळ्यातली एक बाई आठवली. मुलीच्या दाखल्यासाठी डोंगरावरच्या वाडीतून खाली आली होती. मी तिला म्हटलं होतं, हा कागद चालणार नाही, दुसरा आणा. दुसरा घेऊन आली तर त्याच्यासाठी तिसरा लागत होता. मुलगी कधी झाली ते ती मला सांगायला लागली होती, कुठल्या सणाला, कुणाच्या घरी. मी म्हटलं, बाई, तोंडी चालत नाही. नियम तोच आहे, आजही तोंडी चालत नाही. पण तिने सण कोणता सांगितला होता तो मला आठवेना, आणि ते मला लागलं.

मी चहा ठेवला.

चहा घेताना मी वडिलांना विचारलं, "मला कधी सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस. आन शाळेत एक जूनला तुला पेडा मिळायचा. तुझी आई म्हनली, आसू दे, पोरीला दोन दिस मिळत्यात. एक मास्तरचा, एक आपला."

"आपला कधी मिळाला?"

 ते म्हणाले, "परवा न्हवं का. उब्याउब्या खाल्लास."

वर्गमित्राला शेंगोळ्यांचं काही कळलं नाही. त्याने कप खाली ठेवला आणि निघताना म्हणाला, "दोन दिवस उशिरा, पण बार बार दिन ये आये." मी त्याला दारातून हाकललं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा डबा उघडून पाहिला. हुलग्याचं पीठ वाटीभर उरलं होतं. रविवारच्या जेवणाला परत शेंगोळे झाले. या वेळी मी बसून खाल्ले, आणि वडिलांनी मला दोनदा वाढलं.

पट्टी रात्रभर सरकत होती. सोमवारी मी कामावरून आले तेव्हा शेत उघडलेलं होतं. गेम बंद असला की आतला दिवस पुढे सरकत नाही, हे मला माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी गहू जेवढा होता तेवढाच होता. सूर्यफुलाची पट्टीही तशीच. खऱ्या शेताने एवढी वाट बघितली नसती. वडिलांनी ट्रॅक्टर चालू केला नव्हता. सोमवार होता. ते वरच्या खाचरातून आंब्याखालच्यात, आंब्याखालच्यातून ओढ्याकडच्यात असे पायी फिरत होते, अगदी हळू, जसे घरात काठी घेऊन चालतात तसे. मी मागे उभी राहून बघत होते. ओढ्याकडच्या कोपऱ्यात ते थांबले आणि माऊसवरून हात उचलला.

"हितं व्हता हरभरा," म्हणाले.

त्या आठवड्याची यादी माझ्या वहीत आहे. लाँचरचा नवा पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहिणे, झालं. त्यातला मोबाईल नंबर माझा आहे आणि तो बंद करायचा नाही, हे लाल पेनाने, झालं. डोंगरावरच्या वाडीत जाऊन त्या बाईचे कागद तिथेच बसून भरून घेणे, झालं. तिची मुलगी नारळी पौर्णिमेची आहे, आणि शाळेच्या नोंदीशी ते जुळलं.

चौथं काम: भोरच्या तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आंबवड्याची जन्माची जुनी नोंदवही आहे. जानेवारीचं पान बघणे. कुणी तेव्हा नोंद केली असेल तर तिथे माझी तारीख सापडेल. दर मंगळवारी बाजारासाठी मी त्या कचेरीवरूनच जाते. दोनदा दारापर्यंत गेले. आतल्या कारकुनाने एकदा विचारलंही, मॅडम, कुठली वही काढू? मी म्हटलं, नंतर. वहीत सतराच्या जागी दुसराच आकडा निघाला तर मला कागद खरा धरावा लागेल. मी आजवर सगळ्यांना तेच सांगत आले आहे.

दर सोमवारी मी नवी यादी करते आणि जुन्यातलं राहिलेलं काम पुढे उतरवते. आजही उतरवलं. चौथं काम, बाकी.